सरहद्दीवरचं गाव आणि भिंतीवरचा नाच

दोस्तांनो, आज नकाशा पुढ्यात घेऊनच बसा. युरोपचा नकाशा हवा. सापडला इटलीचा बूट? छान. आता या बुटाच्या अगदी वरच्या टोकाला, उजव्या हाताला, जिथे एड्रियाटिक समुद्र संपतो, तिथे बोट ठेवा. तिथे ट्रिएस्ट नावाचं बंदर आहे. ते इटलीत. बोट किंचित खाली आणि उजवीकडे सरकवलंत, की इटली संपते आणि स्लोव्हेनिया सुरू होतो. आणखी नखभर सरकवलंत, की स्लोव्हेनियाही संपला, क्रोएशिया लागला! तुमच्या एका नखाखाली तीन देश मावले.

या नखाखालीच आपलं आजचं गाव आहे. नाव म्हणायला जरा अवघड आहे. ह्रास्तोव्ल्ये! दोन-तीनदा मोठ्यानं म्हणा, जमेल. 'ह्रास्त' म्हणजे ओक वृक्ष. गावात माणसं जेमतेम दीड-दोनशे. इथून इटलीची हद्द दहाएक किलोमीटरवर आणि क्रोएशियाचीही साधारण तेवढ्याच अंतरावर. गाव आहे स्लोव्हेनियात. हा देशच मुळी इवलासा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा! लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास.

गावाच्या मागे चुनखडीचे पांढरे उभे कडे आहेत. हे कडे म्हणजे कार्स्ट पठाराची कड. भूगोलाच्या पुस्तकात 'कार्स्ट भूरूपे' असा शब्द पुढच्या इयत्तांमध्ये येतो ना, तो शब्द या भागावरूनच जगभर गेलेला आहे. कड्यांच्या खाली रिझाना नदीचं खोरं, द्राक्षाचे मळे, दगडी घरं. आणि गावाबाहेर एका छोट्या टेकाडावर एक किल्ला.

म्हणजे लांबून बघणाऱ्याला तो किल्लाच वाटतो. उंच दगडी तट, कोपऱ्यांवर बुरूज. पण तटाच्या वरून एक घंटेचा मनोरा डोकावत असतो. आत असतं एक छोटंसं, साधंसुधं दगडी चर्च. 'पवित्र त्रिमूर्ती'चं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं. चर्च मध्ययुगातलं, आणि तट सोळाव्या शतकातला. त्या काळी तुर्की घोडेस्वारांच्या धाडी या बाजूला येत. धाड आली, की गावकरी तटाच्या आत आसऱ्याला येत. देवाच्या घराला तटबंदी का, हे कोडं सुटलं ना?

पण तट बघायला कुणी एवढ्या लांब येत नाही. लोक येतात ते आतल्या भिंती बघायला.

आत शिरलं, की डोळ्यांना आधी अंधार जाणवतो. मग हळूहळू दिसू लागतं, की भिंतीवर, छतावर, कमानींवर कुठे वीतभरही जागा कोरी नाही. सगळीकडे चित्रं! देव जग निर्माण करतोय. आदम आणि ईव्ह आहेत. बाळ येशूच्या भेटीला निघालेले तीन राजे आहेत. छतावर वर्षाचे बारा महिने आहेत, त्या त्या महिन्यातल्या कामांसकट. गावातल्या बहुतेकांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ही भिंतच पुस्तक होती आणि कॅलेंडरही होती. ही सगळी चित्रं १४९० साली योहान्नेस नावाच्या चित्रकारानं पूर्ण केली. तो कास्ताव गावचा. ते गाव आज क्रोएशियात आहे.

आता दक्षिणेकडच्या भिंतीकडे वळू या. इथे एक मिरवणूक चालली आहे. अकरा माणसं एका रांगेत चालली आहेत आणि प्रत्येकाचा हात धरलाय एका सांगाड्यानं. अकरा माणसं, अकरा सांगाडे. शेवटी सिंहासनावर आणखी एक सांगाडा बसलाय, तो साक्षात मृत्यू. त्याच्यापाशी कुदळ आणि फावडं तयार आहे. कशासाठी, ते तुम्ही ओळखलंच असेल.

घाबरलात? थांबा, पान उलटू नका. आधी रांगेत कोण कोण आहे ते तर बघा. सगळ्यात मानाचे पोप. मग राजा. मग राणी. मग कार्डिनल, बिशप, म्हणजे चर्चमधले मोठमोठे अधिकारी. एक साधा संन्यासी आहे. पैसेवाले आहेत, एक तरणाबांड जवान आहे. कुबड्या घेतलेला एक पांगळा भिकारी आहे. आणि एक तान्हं बाळसुद्धा आहे. प्रत्येकाचे कपडे बघावेत तर वेगवेगळे. कुणाच्या डोक्यावर मुकुट, कुणाच्या अंगावर लांब झगा, कुणाच्या चिंध्या. आणि सांगाडे? सगळे हुबेहूब एकसारखे! यातला राजाचा कुठला आणि भिकाऱ्याचा कुठला, सांगून दाखवा बरं.

मला विचाराल, तर या रांगेतला सगळ्यात मजेदार गडी म्हणजे तो पैसेवाला. सांगाड्यानं त्याला धरलंय आणि याचा हात गेलाय थेट पैशाच्या थैलीकडे. "अहो, काही देवाणघेवाण करून जमवता येतं का बघा ना!" असंच जणू तो म्हणतोय. सव्वापाचशे वर्षं उलटून गेली, अजून त्याचं काम काही झालेलं नाही.

कल्पना करा. रविवारी चर्चमध्ये गावातला गरीब शेतकरी उभा आहे. सारा भरून भरून तो कंगाल झालेला. त्याच्या डोळ्यांसमोर, देवाच्या घरातच, राजा आणि बिशप रांगेत उभे आहेत आणि त्यांना रांग मोडून पुढे काय, मागेही जाता येत नाही. त्या शेतकऱ्याला हे चित्र बघून नुसती भीतीच वाटली असेल का? मला तर वाटतं, तो गालातल्या गालात हसलाही असेल.

ते बाळ मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आई-बाबांनो, तुम्ही हे पान मुलांना वाचून दाखवत असाल तर इथे कदाचित अडखळाल. पण ते बाळ तिथे चित्रकारानं उगाच काढलेलं नाही. त्या काळात लसी नव्हत्या, औषधं नव्हती. घरोघरी लहान मुलं दगावत. चर्चमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी आयांनी आपलं बाळ गमावलेलं असणार. त्यांच्या दुःखाला भिंतीवर जागा मिळाली, तीही पोप आणि राजाच्या रांगेत. मुलं मृत्यूविषयी विचारतात, तेव्हा आपण बहुधा विषय बदलतो. ह्रास्तोव्ल्येच्या मुलांना विचारावंच लागत नसे, आणि मोठ्यांना विषय बदलताही येत नसे. समोर भिंतच होती.

असली चित्रं काढायची कल्पना आली कुठून? १३४७ ते १३५१ या चार-पाच वर्षांत युरोपात प्लेगची भयंकर साथ आली. तिला 'काळा मृत्यू' म्हणतात. निदान एक तृतीयांश माणसं मेली, म्हणजे तिघांमागे एक! वर्गात साठ मुलं असतील तर वीस बाकांवर कुणीच नाही, असं. शिवाय साथ पुनःपुन्हा येत राहिली. वैद्यही मेले, धर्मगुरूही मेले, सरदारही मेले. मग चित्रकारांनी आणि कवींनी 'मृत्यूचा नाच' हा विषय घेतला. पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये असा नाच रंगवला होता. आपल्याला माहीत असलेला हा सगळ्यात जुना. त्यानंतर मोठमोठ्या शहरांत त्याची लाटच आली.

आणि आता खरी गंमत ऐका. पॅरिसची ती भिंत १६६९ मध्ये पाडली. रस्ता रुंद करायचा होता! स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा नाच प्रसिद्ध होता, ती भिंत १८०५ मध्ये पाडली. जर्मनीत ल्यूबेक शहरातल्या चर्चमध्ये एक मोठा नाच होता. तो जुना झाला म्हणून १७०१ मध्ये त्याची नवी प्रत काढून लावली, आणि १९४२ च्या बाँबहल्ल्यात चर्चला आग लागली तेव्हा तीही जळाली. श्रीमंत शहरांचे नाच असे एकेक करून गेले, आणि दीडदोनशे वस्तीच्या खेड्यातला नाच राहिला.

तो राहिला कसा? चुन्यामुळे!

ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र कसं काढतात माहीत आहे? चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू मिसळून तिचा गिलावा भिंतीवर थापायचा. तो ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गिलावा वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि चुन्याची पुन्हा चुनखडी होते. रंग त्या दगडाच्या पोटात अडकून बसतो. म्हणून चित्रकाराला घाई असते. आज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा आज थापायचा. चुकलं तर खोडरबर नाही, तेवढा तुकडा खरवडून काढायचा आणि पहिल्यापासून सुरुवात!

ह्रास्तोव्ल्येत पुढे केव्हातरी या चित्रांवरच चुन्याचे थर चढले. चित्रं झाकली गेली आणि मग विसरलीही गेली. पिढ्यांमागून पिढ्या त्या भिंतीसमोर गुडघे टेकून गेल्या. १९४९ मध्ये योझे पोह्लेन नावाच्या शिल्पकाराला चुन्याखाली रंग आढळले. मग हळूहळू थर उतरवले गेले आणि अकरा जोड्या पुन्हा नाचत बाहेर आल्या. झाकून टाकणाऱ्यांनी चित्रांना जणू पांघरूणच घातलं होतं. ऊन, धूर, दमट हवा, सगळं वरच्या थरानं सोसलं.

आता आपण एका आजीची कल्पना करू. ती खरी नाही, पण तिच्यासारख्या कितीतरी आज्या या भागात होऊन गेल्या. समजा, आजी १९१५ मध्ये ह्रास्तोव्ल्येत जन्मली. तेव्हा इथे ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य होतं. राजा व्हिएन्नात. १९१८ मध्ये पहिलं महायुद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि इटलीचं सैन्य आलं. आजी तीन वर्षांची. ती शाळेत जाऊ लागली आणि १९२३ मध्ये इटलीच्या सरकारनं नवा कायदा केला. एकेका इयत्तेतून स्लोव्हेन भाषा हद्दपार! घरी आईशी बोलायचं एका भाषेत आणि शाळेत गुरुजींशी दुसऱ्याच. गावाचं नावही बदललं. ह्रास्तोव्ल्येचं झालं क्रिस्तोल्ये. माणसांच्या आडनावांचंही तेच. या भागात 'वोदोपिवेत्स' असं एक आडनाव आहे. अर्थ काय, तर 'पाणी पिणारा'. त्याचं इटालियन करून टाकलं 'बेव्हिलाक्वा'. अर्थ तोच, पण माणसाला हाक मारली तर त्यानं ओ द्यायची कशी?

मग दुसरं महायुद्ध. १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि जर्मन आले. युद्ध संपल्यावर आला युगोस्लाव्हिया. आणि २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया स्वतंत्र झाला. आजी तेव्हा शहात्तर वर्षांची. घर तेच, अंगण तेच, विहीर तीच. आजी कुठेही गेली नाही, पण तिनं चार देशांत आयुष्य काढलं. सरहद्दच तिच्या दारावरून इकडून तिकडे फिरत राहिली. या दाराजवळून सरहद्द जाणं काही नवीन नव्हतं म्हणा. त्याही आधी कित्येक शतकं व्हेनिसचं प्रजासत्ताक आणि हॅब्सबर्ग घराणं यांची हद्द याच भागात होती.

आता १९४९ साल पुन्हा आठवा. आपली आजी तेव्हा चौतीस वर्षांची. म्हणजे चौतीस वर्षं तिनं त्या चुन्याच्या भिंतीसमोर प्रार्थना केली. तिच्या मागे अकरा सांगाडे उभे आहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं! आणि एक दिवस चुना उतरला. राजा दिसला. व्हिएन्नाचा बादशहा, रोमचा राजा, सगळे येऊन गेलेले तिनं पाहिलेच होते. भिंतीवरचा तो राजा बघून ती काय म्हणाली असेल?

आजीच्या नातवंडांची गोष्टही कमी नाही. २००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात गेला, आणि २००७ च्या डिसेंबरात इटलीच्या हद्दीवरची तपासणी बंद झाली. पासपोर्ट न दाखवता ट्रिएस्टला जाऊन आइस्क्रीम खाऊन यावं, इतकं सोपं! पण दुसऱ्या बाजूला, क्रोएशियाच्या हद्दीवर, २०१५ मध्ये स्लोव्हेनियानं धारदार काटेरी तारा लावल्या. युद्धातून, गरिबीतून पळून आलेले हजारो लोक त्या वाटेनं येत होते, त्यांना अडवायला. २०२२ मध्ये त्या तारा काढायला सुरुवात झाली. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियाच्या हद्दीवरची तपासणीही संपली. लोकांनी फाटक उघडल्याचा आनंद साजरा केला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही हद्दींवर पोलीस पुन्हा उभे राहिले! उघड, बंद, उघड, बंद. चित्रकार योहान्नेस कास्तावहून कुंचले घेऊन आला, तेव्हा त्याला कोण आडवं आलं असेल कोण जाणे.

आता तुमच्यापैकी जे संस्कृत शिकतात त्यांच्यासाठी एक खाऊ. (बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही.) या नाचाला स्लोव्हेन भाषेत म्हणतात 'मर्त्वाश्की प्लेस'. 'प्लेस' म्हणजे नाच. आणि 'मर्त्वाश्की'? त्यात आपला 'मृत' दिसतोय का? तो खरोखरच नात्यातला शब्द आहे. संस्कृत आणि स्लोव्हेन या एकाच मोठ्या कुटुंबातल्या दूरच्या बहिणी आहेत. 'देवः, देवौ, देवाः' पाठ करताना तुम्ही कुरकुरता ना, की एकवचन आहे, अनेकवचन आहे, मग हे द्विवचन हवंच कशाला? मराठीनं ते केव्हाच सोडून दिलं, हिंदीनंही सोडलं. पण स्लोव्हेननं ते अजून जपलंय! तिथली शेंबडी पोरंसुद्धा रोज बोलताना द्विवचन वापरतात. लांडग्याला म्हणतात 'वोल्क'. दोन असले तर 'वोल्कोवा', जास्त असले तर 'वोल्कोवी'. आता आपलं 'वृकः, वृकौ, वृकाः' म्हणून बघा. 'वोल्क' आणि 'वृक' भाऊ-भाऊच आहेत. 'आपण सगळे नाचतो' याला एक क्रियापद, आणि 'आपण दोघं नाचतो' याला वेगळं. ते आहे 'प्लेशेवा'. भिंतीवरच्या जोडीला, एक माणूस आणि एक सांगाडा, बोलता आलं असतं तर त्यांनी हेच रूप वापरलं असतं. परीक्षेत द्विवचन अडलं की या जोड्या आठवा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. या चित्रांवर जुन्या लोकांनी टोकदार वस्तूनं ओरखडून काही काही लिहून ठेवलंय. 'अमुक इथे येऊन गेला' हा रोग गडकिल्ल्यांवरच असतो असं समजू नका! पण हे ओरखडे आहेत ग्लागोलिती लिपीतले. ही लिपी नवव्या शतकात सिरिल नावाच्या विद्वान धर्मगुरूनं स्लाव लोकांच्या भाषेसाठी तयार केली. गोल, त्रिकोण आणि गाठी अशी तिची अक्षरं असतात. पुढे बहुतेक ठिकाणी ती मागे पडली, पण या किनाऱ्यावरचे धर्मगुरू शतकानुशतकं तीच लिहीत राहिले. म्हणून अभ्यासक आज भिंग घेऊन ते ओरखडे वाचतात. हे वाचून कुणी कंपासपेटीतलं कर्कटक काढायचं नाही हं! तुमचं नाव वाचायला पाचशे वर्षांनी कुणी भिंग घेऊन येईल असं मला वाटत नाही, आणि चित्र मात्र आजच खराब होईल.

कर्कटक ठेवा, पेन्सिल घ्या. एक लांबलचक कागदाची पट्टी करा, जुन्या वहीची पानं जोडून चालतील. त्यावर तुमच्या गावची किंवा तुमच्या गल्लीची अशी मिरवणूक काढा. अकरा माणसं निवडायची. कोण कोण घ्याल? सरपंच? फौजदार? वाणी? मुख्याध्यापक? क्रिकेटचा कप्तान? शाळेबाहेरची बोरंवाली? ज्याचा त्याचा पोशाख नीट काढा, म्हणजे माणूस ओळखू आला पाहिजे. सांगाडे मात्र सगळे सारखे हवेत. आणि थैलीत हात घातलेला तो गडी विसरू नका. तुमच्या रांगेत तो कोण असेल, ते चित्राखाली लिहायचं नाही. घरच्यांना ओळखू द्या.